रात्रीच्या गोळीचे कुळ

कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत कुठल्याही घरातल्या मधुमेही माणसाची औषधे पाहा. मेटफॉर्मिनची पाकिटे असतात, बीपीची गोळी असते आणि बहुधा आणखी एक छोटी गोळी असते, रात्री जेवण झाल्यावर घ्यायची. कशाची म्हणून विचारले तर उत्तर येते, ‘ती व्हय, कोलेस्टेरॉलची.’ काही जण तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. ते बरोबर नाही. रक्ताची गुठळी होऊ न देण्याचे काम ॲस्पिरिनसारख्या वेगळ्या औषधाचे आहे. ही गोळी असते ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. साखरेची गोळी चुकली तर माणूस बेचैन होतो, ही चुकली तर कुणाला काही वाटत नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की सगळ्यात आधी बंद होते ती हीच.

भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत, असे आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये सांगितले. मधुमेही माणसाचा जीव बहुतेक वेळा साखर किती चढते यावर ठरत नाही. तो हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर ठरतो. त्या वाहिन्यांची राखण ही गोळी करते, आणि करते ती यकृतात बसून, तिथल्या जनुकांच्या कामात हात घालून. तिच्या कुळाचा माग काढत गेले की आपण पोचतो तांदळावर धरलेल्या एका बुरशीपाशी.

आकिरा एंदो यांचा जन्म १९३३ चा, उत्तर जपानच्या अकिता प्रांतातल्या शेतकरी घरातला. भातशेती, डोंगर आणि रानात उगवणारी नाना तऱ्हेची अळंबी. आजोबांना औषधोपचाराची आवड होती. अळंबी आणि बुरशी यांची गोडी नातवाला त्यांच्यामुळेच लागली. त्या मुलखात एक अळंबी मिळते, माशा मारणारी. माणसाला मात्र ती मारत नाही. ती उकळून त्या पाण्याने माशा मरतात का, हे एंदोंनी शाळेत असतानाच करून पाहिले होते. पुढे विद्यार्थिदशेत पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगचे चरित्र त्यांच्या हाती आले आणि बुरशीतून औषध निघते ही गोष्ट मनात पक्की रुजली. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातून १९५७ मध्ये पदवी घेऊन ते टोकियोच्या सांक्यो या औषध कंपनीत लागले. पहिले काम साधेच होते: फळांच्या रसातला गढूळपणा घालवणारे विकर बुरशीतून शोधायचे. त्यांनी ते शोधले. कंपनी खूश झाली आणि त्यांना अमेरिकेत शिकायला जाता आले.

१९६६ ते १९६८ ही दोन वर्षे एंदो न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात होते. तिथे त्यांनी पाहिलेली माणसे जपानमध्ये त्यांना कधी दिसली नव्हती: खूप लठ्ठ, म्हातारपणी छाती धरून कोसळणारी, रुग्णवाहिकेतून नेली जाणारी. रक्तातले कोलेस्टेरॉल वाढले की हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबतात, हे तोवर पुढे आले होते. उपाय मात्र धड नव्हता. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही, ते शरीरच बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. या घडणीच्या रासायनिक पायऱ्या उलगडल्याबद्दल कोनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना १९६४ मध्ये नोबेल मिळाले होते. त्या लांबलचक साखळीत एका पायरीवर सगळ्या कामाचा वेग ठरतो. ती पायरी पार करून देणाऱ्या विकराचे नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. हे विकर अडवले तर कोलेस्टेरॉलची घडणच मंदावेल.

इथवर इतरही अनेक जण पोचले होते. एंदोंचे वेगळेपण पुढच्या प्रश्नात होते. आपल्या पेशीच्या पडद्याला कोलेस्टेरॉल लागते, तसे बुरशीच्या पडद्याला एर्गोस्टेरॉल लागते, आणि दोन्हीची घडण सुरुवातीला त्याच वाटेने, त्याच विकरातून होते. बुरशी जमिनीत, धान्यावर, कुजलेल्या पानावर एकटी कधीच नसते. शेजारी दुसरे सूक्ष्मजीव त्याच अन्नावर टपलेले असतात. मग एखाद्या बुरशीने शेजाऱ्याची ही वाट अडवणारे द्रव्य बनवले नसेल कशावरून? पेनिसिलिनही असेच, शेजारच्या जिवाणूची भिंत बांधू न देणारे द्रव्य होते. हा नुसता तर्क होता. खरा की खोटा हे ठरवायला हजारो बुरशी वाढवून तपासण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

एप्रिल १९७१ मध्ये एंदो, मासाओ कुरोदा आणि दोन मदतनीस अशा चौघांनी ते काम सुरू केले. पद्धत समजून घेण्यासारखी आहे. उंदराच्या यकृताचा अर्क काढायचा, म्हणजे कोलेस्टेरॉल घडवणारी सगळी विकरे परीक्षानळीत येतात. त्यात किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले ॲसिटेट घालायचे. यकृताचा अर्क काम करत असेल तर ती खूण तयार झालेल्या मेदद्रव्यात सापडते. आता त्याच नळीत एकेका बुरशीच्या वाढीचे पाणी घालायचे आणि खूण कमी झाली का ते पाहायचे. कमी झाली तर पुढची परीक्षा: ॲसिटेटऐवजी रिडक्टेजच्या पुढच्या पायरीवरचे द्रव्य, मेव्हॅलोनेट, घालायचे. त्यापासून घडण सुरळीत झाली, तर अडथळा नेमका रिडक्टेजच्या आसपास आहे हे कळते. पुन्हा दुसरी बुरशी, पुन्हा तीच नळी. दोन वर्षांत असे सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासून झाले.

पहिले यश फसवे निघाले. एका बुरशीच्या पाण्यात सिट्रिनिन नावाचे द्रव्य मिळाले. ते रिडक्टेज अडवत होते, रक्तातले कोलेस्टेरॉलही उतरवत होते, पण मूत्रपिंडाला घातक होते. ते बाजूला ठेवावे लागले. तरी तर्क खरा असल्याची ग्वाही त्याने दिली. सिट्रिनिन हे नाव लक्षात ठेवा, ते या कथेत पुन्हा येणार आहे. १९७२ च्या उन्हाळ्यात दुसरी बुरशी सापडली. ती क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून घेतलेली होती, पेनिसिलियम सिट्रिनम जातीची, निळसर हिरवी. आपल्या लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी ओल लागून जी बुरशी धरते, तिच्याच गोतावळ्यातली. तिच्यातले द्रव्य शुद्ध करायला आणखी वर्ष गेले. १९७३ मध्ये एमएल-२३६बी या क्रमांकाचा रेणू हाती आला. थोड्या वर्षांनी इंग्लंडच्या बीचम कंपनीतल्या शास्त्रज्ञांना दुसऱ्या एका पेनिसिलियममध्ये हाच रेणू मिळाला, तोही बुरशीनाशक म्हणून. त्यांनी दिलेले कॉम्पॅक्टिन हे नाव टिकले. म्हणजे शेजाऱ्याला मारण्यासाठी बुरशी हे बनवते, हा एंदोंचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता.

कॉम्पॅक्टिनचे एक टोक विकराच्या नेहमीच्या खाद्यासारखे, एचएमजीसारखे दिसते. विकर फसते आणि त्यालाच धरून बसते, खऱ्या खाद्याला जागा उरत नाही. परीक्षानळीत हे सुरेख चालले. मग ते उंदरांना दिले. रक्तातले कोलेस्टेरॉल हलले नाही. मात्रा वाढवली, आठवडे वाढवले, तरी नाही. औषधाच्या कारखान्यात याचा अर्थ एकच असतो: फाइल बंद.

पुढे जे कळले ते या कथेचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. उंदराच्या यकृतात रिडक्टेज अडवले गेले, पेशीला कोलेस्टेरॉलची चणचण जाणवली आणि तिने रिडक्टेजचे जनुक जोराने चालवायला घेतले. जितके विकर औषध अडवेल, त्याच्या कितीतरी पट नवे विकर यकृत तयार करू लागले. औषध आपले काम करत होते, पण यकृताच्या जनुकाने त्याच्यावर मात केली. शिवाय उंदराच्या रक्तात आपल्यासारखे ‘वाईट’ म्हटले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल मुळात फारच थोडे असते. माणसाचा रोग ज्या प्राण्याला होत नाही, त्या प्राण्यावर औषधाची परीक्षा चालली होती.

फाइल वाचली ती कोंबड्यांमुळे. सांक्योतच काम करणारे नोरितोशी कितानो दुसऱ्या प्रयोगासाठी अंड्यावरच्या कोंबड्या पाळत होते. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, तेव्हा कोंबडीच्या रक्तातही ते बरेच खेळत असणार, असा एंदोंचा कयास होता. कितानोंचा प्रयोग संपला की त्या कोंबड्या आपल्याला द्या, अशी गळ त्यांनी घातली. १९७६ च्या सुरुवातीला खाद्यात मिसळून कॉम्पॅक्टिन दिले गेले आणि महिनाभरात कोंबड्यांचे कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले. मग कुत्रे, मग माकडे. सगळीकडे उतार मिळाला. १९७८ मध्ये ओसाकाचे डॉक्टर अकिरा यामामोतो यांनी जन्मजात अतिकोलेस्टेरॉलच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायू अशक्त झाले. औषध थांबवून पुढे कमी मात्रेत द्यावे लागले. आजही ही गोळी घेणाऱ्याला डॉक्टर विचारतात ना, मांड्या-पोटऱ्या दुखतात का, त्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

याच काळात अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन एका वेगळ्याच वाटेने इथेच येत होते. कोवळ्या वयात हृदयविकाराने दगावणाऱ्या मुलांच्या पेशी ते तपासत होते. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलचे कण पकडून आत ओढणारा एक ग्राही असतो, आणि या मुलांत त्या ग्राहीचे जनुकच बिघडलेले असते, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. एंदोंनी त्यांना कॉम्पॅक्टिन पाठवले, आणि बुरशीच्या रेणूचा व जनुकाचा धागा जुळला.

तो धागा असा. यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे असते तेव्हा एसआरईबीपी-२ नावाचे प्रथिन आतल्या एका पडद्यात अडकून पडलेले असते. त्याच्या जोडीला स्कॅप नावाचे प्रथिन असते, ज्याला पडद्यातल्या कोलेस्टेरॉलची जाणीव होते. आणि इन्सिग नावाचे तिसरे दोघांना तिथेच धरून ठेवते. गोळीने घडण अडवली, पडद्यातले कोलेस्टेरॉल घटले, की इन्सिगची पकड सुटते. स्कॅप आपल्या जोडीदाराला घेऊन पेशीच्या गॉल्जी या भागात जाते. तिथे दोन विकरे एसआरईबीपीला लागोपाठ दोन ठिकाणी कापतात. कापून सुटलेला तुकडा केंद्रकात शिरतो आणि डीएनएवरच्या एका ठरावीक अक्षरक्रमावर जाऊन बसतो. तो अक्षरक्रम एलडीएल ग्राहीच्या जनुकाच्या तोंडाशीच असतो. जनुक जोमाने वाचले जाते, नवे ग्राही बनतात, पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातले एलडीएलचे कण ओढून आत घेतात. रक्त स्वच्छ होते ते अशा रीतीने. एसआरईबीपीचा शोध ब्राउन-गोल्डस्टीन यांच्याच प्रयोगशाळेत १९९३ मध्ये लागला, म्हणजे गोळी बाजारात येऊन सहा वर्षे झाल्यावर.

उंदरात जो प्रतिकार औषधाला हरवून गेला, तोच प्रतिकार माणसात औषधाचे बळ ठरतो. रिडक्टेजचे जनुक आणि ग्राहीचे जनुक एकाच तुकड्याच्या हुकमाने चालतात. माणसाचे यकृत नवे विकर बनवते खरे, पण त्याच झटक्यात नवे ग्राहीही बनवते, आणि आपल्या रक्तात ओढून घेण्याजोगे एलडीएल भरपूर असते. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गोळी स्वतः रक्तातले कोलेस्टेरॉल विरघळवत नाही, धुऊन काढत नाही. ती यकृताला टंचाई भासवते. सफाई यकृत करते.

यातून दवाखान्यात रोज विचारल्या जाणाऱ्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. पहिला: रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला? गोळी थांबली की थोड्याच दिवसांत टंचाई संपते, एसआरईबीपी पुन्हा पडद्यात अडकते, जनुक मंदावते, ग्राही घटतात आणि एलडीएल होते तिथे परत जाते. नॉर्मल रिपोर्ट हा गोळी चालू असल्याचा रिपोर्ट आहे. दुसरा प्रश्न: दहाची वीस केली तर उतार दुप्पट मिळेल का? नाही मिळत. मात्रा दुप्पट केली की एलडीएल साधारण आणखी सहाच टक्के उतरते. कारण एसआरईबीपीच्या त्याच हुकमाने पीसीएसके-९ नावाचे आणखी एक जनुकही जागे होते, आणि त्याचे प्रथिन ग्राहींना पेशीत नेऊन नष्ट करते. एका हाताने दिलेले यकृत दुसऱ्या हाताने थोडे काढून घेते. ते प्रथिन अडवणारी इंजेक्शने २०१५ पासून मिळू लागली. ती महाग आहेत आणि ज्यांचे गोळीने भागत नाही त्यांच्यासाठी आहेत.

कॉम्पॅक्टिन स्वतः औषध होऊ शकले नाही. खूप मोठी मात्रा दिलेल्या कुत्र्यांत गाठींची शंका आली आणि १९८० मध्ये सांक्योने काम थांबवले. एंदो त्याआधीच कंपनी सोडून टोकियोच्या कृषी व तंत्र विद्यापीठात गेले होते. तिथे १९७९ मध्ये त्यांनी मोनास्कस या लाल बुरशीतून मोनाकोलिन-के वेगळे केले. इकडे अमेरिकेच्या मर्क कंपनीत रॉय व्हॅजेलोस यांच्या हाताखाली आल्फ्रेड अल्बर्ट्स यांच्या गटाला ॲस्परजिलस टेरियस या बुरशीत एक रेणू मिळाला होता. दोन्ही रेणू एकच निघाले: लोव्हास्टॅटिन. १ सप्टेंबर १९८७ ला अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि स्टॅटिनचे कुळ बाजारात उभे राहिले.

पुढच्या पिढ्या भराभर झाल्या. लोव्हास्टॅटिनमध्ये थोडा रासायनिक बदल करून सिमव्हास्टॅटिन, कॉम्पॅक्टिनवर दुसऱ्या सूक्ष्मजीवाकडून संस्कार करून घेऊन प्राव्हास्टॅटिन. मग रसायनशास्त्रज्ञांनी बुरशीला पूर्ण रजा दिली. १९८५ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीतल्या ब्रूस रॉथ यांनी ॲटोर्व्हास्टॅटिन घडवले. ते आणि रोसुव्हास्टॅटिन कारखान्यात सरळ रसायनांपासून बनतात, त्यांत बुरशी नावालाही नसते. पण रेणूचे विकराला फसवणारे टोक पाहिले तर ते तेच आहे, क्योतोच्या तांदळावरच्या बुरशीने घडवलेले. आपल्या देशातही या कुळाची एक शाखा रुजली: बंगळुरूच्या बायोकॉनला बुरशीपासून बनवलेल्या लोव्हास्टॅटिनसाठी २००१ मध्ये अमेरिकी एफडीएची मान्यता मिळाली.

जीव वाचतो का, याचा पुरावा १९९४ मध्ये आला. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. मधुमेह्यांसाठी खास चाचणी झाली ती ब्रिटन आणि आयर्लंडमधली, २००४ साली प्रसिद्ध झालेली. टाइप २ मधुमेहाचे २,८३८ रुग्ण, कुणालाही आधी हृदयविकार नाही, एलडीएलही फार चढलेले नाही. निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. हृदयविकार आणि पक्षाघात यांसारखे मोठे आघात ३७ टक्क्यांनी घटले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षे आधीच थांबवली. ‘माझे कोलेस्टेरॉल वाढलेलेच नाही, मग मला का?’ असे विचारणाऱ्या मधुमेही माणसाला चाळिशीनंतर ही गोळी का दिली जाते, त्याचे उत्तर या चाचणीत आहे.

मधुमेहातले यकृत मुळातच विचित्र अडचणीत असते. इन्सुलिन यकृताला दोन हुकूम देते: नवी साखर बनवू नको, आणि मेद साठव. टाइप २ मधुमेहात पहिला हुकूम यकृताला ऐकू येत नाही, दुसरा मात्र ऐकू येत राहतो. साखर बनवणारी जनुके चालूच राहतात आणि एसआरईबीपीचेच दुसरे भावंड, एसआरईबीपी-१सी, मेद बनवणारी जनुकेही चालू ठेवते. म्हणून उपाशीपोटी साखर जास्त आणि ट्रायग्लिसराइडही जास्त, यकृतावर चरबी वेगळीच. स्टॅटिन ही गाठ सोडवत नाही. साखर तर ती उतरवत नाहीच, उलट किंचित वाढवते. ९१,१४० लोकांच्या १३ चाचण्या एकत्र तपासल्यावर २०१० मध्ये दिसले की गोळी घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ९ टक्क्यांनी जास्त आहे. हिशेब मांडला तर २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतल्यावर एक जादा मधुमेही. तेवढ्याच लोकांत टळणारे हृदयविकाराचे आघात त्याहून जास्त आहेत. ज्यांच्या रिडक्टेजचे जनुक जन्मतःच थोडे मंद असते त्यांच्यातही मधुमेहाचा कल किंचित अधिक सापडला. तेव्हा हा परिणाम गोळीच्या मूळ कामाशीच जोडलेला असावा. हे लपवण्यासारखे नाही, आणि यामुळे गोळी टाकून देण्यासारखेही नाही.

मग बुरशीतून थेट साखरेवरचे औषध कुणी शोधले नाही का? शोधले. १९९९ मध्ये मर्कच्याच शास्त्रज्ञांनी काँगोमध्ये किन्शासाजवळच्या झाडपाल्यावर मिळालेल्या एका बुरशीतून असा रेणू काढला, जो इन्सुलिनच्या ग्राहीला इन्सुलिनशिवायच जागे करत होता. मधुमेही उंदरांना तोंडाने दिला तरी साखर उतरली. जगभर बातमी झाली. तरीही पंचवीसहून अधिक वर्षे झाली, त्याची गोळी झाली नाही. बुरशीतला रेणू सापडणे आणि त्याचे औषध होणे यांमधले अंतर केवढे असते, ते सांगायला हे एक उदाहरण पुरे.

हे सगळे कोल्हापुरात बसून लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. आपल्या सह्याद्रीलाही बुरशीच्या औषधांची परंपरा आहे. फणसाच्या खोडावर वाढणारे लाकडासारखे कठीण फणसआळंबे, ज्याला कुणी फणसांबा म्हणतात, सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर आणि लाळ गळण्यावर लावले जाते. अशा कठीण अळंब्यांवर मधुमेहाच्या अंगानेही प्रयोगशाळांत काम चालते. गगनबावडा, राधानगरी, आंबा या पट्ट्यात पावसाळ्यात जे उगवते त्यातले फारच थोडे कुणी रेणूच्या पातळीवर तपासलेले असेल. क्योतोच्या एका दुकानातून जर एवढे निघाले, तर पश्चिम घाटात काय दडले असेल, असे मनात आल्यावाचून राहत नाही. शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थांतल्या वनस्पतिशास्त्राच्या आणि जैवरसायनाच्या मुलांनी हे काम घ्यावे, सहा हजार नळ्या तपासण्याची चिकाटी ठेवून घ्यावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

पण ती शोधाची वाट झाली. बाजारात आज जे विकले जाते ती वाट दुसरी आहे. अळंबीची चूर्णे, कॅप्सूल, ‘साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्हींवर नैसर्गिक उपाय’ अशा चिठ्ठ्या. शेतकरी कुटुंबे पेंढ्यावर घेतात त्या धिंगरी अळंबीतही लोव्हास्टॅटिन सापडले आहे, हे खरे. किती सापडते ते मात्र वाणावर, पेंढ्यावर, वाढीच्या दिवसांवर अवलंबून असते. धिंगरीची भाजी जरूर खावी, ती उत्तम अन्न आहे. १० मिलिग्रॅमच्या गोळीची जागा ती घेत नाही. मोनास्कस चढवलेला लाल तांदूळ चीनमध्ये शतकानुशतके खाल्ला जातो, सोळाव्या शतकातल्या ली शिझेन यांच्या औषधीग्रंथात त्याचे गुण सांगितले आहेत. एंदोंनी मोनाकोलिन-के काढले ते याच बुरशीच्या जातकुळीतून. पण मोनास्कसचे काही वाण सिट्रिनिनही बनवतात, तेच मूत्रपिंडाला घातक द्रव्य, जे एंदोंनी १९७२ मध्येच बाजूला सारले होते. मार्च २०२४ मध्ये जपानमध्ये लाल तांदळाच्या कोलेस्टेरॉलवरच्या गोळ्या परत मागवाव्या लागल्या. त्या घेणाऱ्या शेकडो लोकांना मूत्रपिंडाच्या त्रासाने रुग्णालयात भरती व्हावे लागले, मृत्यूही झाले. तपासात कारखान्यात शिरलेली निळी बुरशी आणि तिने बनवलेले प्युबेरुलिक ॲसिड नावाचे विषारी द्रव्य सापडले. तीही पेनिसिलियमच होती. गोळ्या परत मागवल्यावर तीन महिन्यांच्या आतच, ५ जून २०२४ रोजी, एंदो नव्वदाव्या वर्षी वारले. लास्कर पुरस्कार त्यांना २००८ मध्ये मिळाला होता. नोबेल मिळाले नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

म्हणून घरात मधुमेहाचे कुणी असेल तर एवढे करा. स्टॅटिन चालू असेल तर रिपोर्ट चांगला आला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. अंगदुखी, पोटऱ्यांत पेटके, गडद लघवी असे काही वाटले तर लगेच सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येते. घरातल्या मुलीसुनेला ही गोळी चालू असेल आणि दिवस राहिले किंवा राहावेत असा विचार असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. आणि अळंबीचे चूर्ण, लाल तांदळाची कॅप्सूल, कुणी हरिद्वारहून आणलेली पुडी, यातले काहीही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्यातही स्टॅटिनच असू शकते, आणि तुम्ही नकळत दोन मात्रा घेत असाल.